चित्राचं वर्णन कसं लिहावं

माहितीपुस्तिका लिहिण्याच्या कामात एक शिस्त असते. पुस्तिका तयार झाली की ती अशा माणसाच्या हातात द्यायची, ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही. मग त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं. हात मांडीवर, तोंड बंद. तो अडला तरी सांगायचं नाही. त्यानं उसासे टाकले, कपाळावर हात मारून घेतला, तरी नाही. तो जिथे अडतो तिथे चूक त्याची नसते, लिहिणाऱ्याची असते. मी रसायनशास्त्र शिकले, काही वर्षं प्रयोगशाळेत काढली, मग यंत्रांच्या आणि पुढे वेबसाइटच्या पुस्तिका लिहू लागले. ही शिस्त मला कधी जड गेली नाही. द्रावण निवळत असताना नळी हलवायची नसते, तसंच हे.

या वेळी पुस्तिका ताईच्या दवाखान्यासाठी होती.

ताई माझ्याहून बरीच मोठी. पाठीचे, गुडघ्यांचे, खांद्यांचे व्यायाम आणि उपचार हे तिचं काम. पेशंटच्या पाठीवरून बोटं फिरवत ती आखडलेला स्नायू अजूनही अचूक शोधते. पण गेल्या दोन वर्षांत तिची नजर मधोमध विझत गेली. समोर पाहिलं की मध्ये एक करडा डाग दिसतो, कडेचं तेवढं धूसर दिसतं. दवाखान्याची वेबसाइट पूर्वी तीच सांभाळायची. वेळा, सुट्ट्या, घरी करायच्या व्यायामांची चित्रं, सगळं तिथे असायचं आणि बरेचसे पेशंट तिथूनच यायचे. आता तिथल्या वेळा जुन्या झाल्या होत्या. लोक बंद दारापाशी येऊन परत जात होते.

दवाखाना दुसऱ्यांना देऊन टाकावा, असं भाऊजींचं मत. घेणारं एक डॉक्टर जोडपंही त्यांनी शोधून ठेवलं होतं. ताईनं त्यांना एक अट घातली. दवाखान्यातली माणसं महिनाअखेरीपर्यंत आपली आपण साइट चालवू लागली आणि ती तिला नुसती ऐकून कळली, तर ती राहणार. नाही तर भाऊजी म्हणतील तिथे सही करणार.

"एवढं काय आहे त्या साइटमध्ये?" मी विचारलं होतं.

"साइटचं काय घेऊन बसलीस. मला यापुढे दुसऱ्यांच्या सांगण्यावर चालायचंय. ते सांगणं खरं असतं का, तेवढं बघायचंय मला."

मी पुस्तिका हातात घेतली ती जमवायचीच असं ठरवून.

दवाखाना एका तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावर आहे. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं दुकान. आत शिरलं की मलमाचा आणि रबरी चटयांचा वास येतो. बाहेरच्या खोलीत एका लोखंडी नळीवर बसवलेल्या खुर्च्यांची रांग, शेवटची खिडकीपाशी. समोर रिसेप्शनचं टेबल, तिथे काकू बसतात. त्या कुणाच्याच काकू नाहीत, पण सगळे त्यांना काकूच म्हणतात. मागच्या खोलीत हिशेबनीस. व्यायाम करून घेतो तो मुलगा काडीसारखा बारीक, म्हणून त्याचं नाव पहिलवान पडलेलं.

काकू पहिल्या दिवशी माउस असा धरून बसल्या होत्या जणू तो चावेल.

"दाबू का मॅडम? काही उडणार नाही ना?"

मी गप्प.

"बोलत नाहीत या. शाळेत परीक्षेला पण बाई एवढ्या खडूस नव्हत्या," असं पुटपुटत त्यांनी 'जतन करा' दाबलं. काही उडालं नाही. आठवडा संपेपर्यंत त्या वेळा बदलत होत्या, सुट्ट्या टाकत होत्या, आणि हिशेबनिसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होत्या, "काही लोकांना अजून पासवर्डच लिहिता येत नाही." या दोघांचं पंख्याच्या वेगावरून भांडण होतं आणि कामापुरतं सोडून बोलणं नव्हतं.

अडलं ते एकाच ठिकाणी. साइटवरच्या प्रत्येक चित्राला एक वर्णन जोडावं लागतं. ते पडद्यावर दिसत नाही, पण ताई जो प्रोग्राम वापरते, पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा, तो ते वाचतो. तिच्यासाठी ते वर्णन म्हणजेच चित्र. काकूंनी लिहिलं, "फोटो." हिशेबनिसांनी लिहिलं, "फोटो, नवीन." पहिलवानानं लिहिलं, "मस्त फोटो."

मी तो भाग पुन्हा लिहिला. चित्राकडे शांतपणे बघा. डोळे मिटा. लांबच्या माणसाला फोनवर सांगत आहात असं समजा आणि चित्रात काय काय आहे ते मनात बघा. डोळे उघडून तेवढंच लिहा. लिहून होईपर्यंत चित्राकडे पुन्हा बघू नका.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. पुन्हा बघितलं की माणसं सांगायचं सोडून यादी करायला लागतात.

सरावासाठी मी बाहेरच्या खोलीचा फोटो घेतला. सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी. खोली रिकामी होती.

काकूंनी बघितलं, डोळे मिटले, उघडले आणि दोन बोटांनी सावकाश टाइप केलं. मी मागून वाचत होते.

"बाहेरची खोली. भिंतीला लागून खुर्च्या. खिडकीत कुंडी. शेवटच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले आहेत. तपकिरी स्वेटर. उजव्या पायातला बूट काढून मांडीवर घेतला आहे. नंबरची वाट बघत आहेत."

मग त्यांनी कुणालाही न विचारता 'प्रकाशित करा' दाबलं आणि विजयी मुद्रेनं मागे वळल्या.

"काकू, हे गृहस्थ कोण?"

"कोण?" त्यांनी चित्राकडे बघितलं. जरा पुढे वाकून बघितलं. "अगंबाई. इथे कुठे कोण आहे?"

"मग लिहिलंत कसं?"

"डोळे मिटल्यावर होते ना," काकू म्हणाल्या आणि हसल्या. "म्हातारी झाले मी, दुसरं काय."

मला ते पटलं. ज्या खुर्च्यांत त्या दिवसभर माणसं बघतात, त्या खुर्च्या रिकाम्या आठवणं त्यांना कठीण जात असेल. आठवण भेसळ करते, हे शास्त्राला नवीन नाही. मी संध्याकाळी ते वर्णन काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी हिशेबनीस बसले. ते मागच्या दारानं येतात आणि मागच्या दारानं जातात. बाहेरच्या खोलीशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी कोर्टातल्या कागदासारखं लिहिलं.

"खुर्च्या, एका नळीवर बसवलेल्या. अखेरच्या खुर्चीत एक इसम. स्वेटर तपकिरी. एक बूट मांडीवर. बाकी खुर्च्या मोकळ्या."

माझे हात मांडीवरच होते. मी ते उचलले नाहीत. चित्र त्यांच्यासमोर धरलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"मॅडम, तुम्ही त्याला काढून टाकलंत का?"

"काकूंनी तुम्हाला काही सांगितलं होतं?"

"त्या मला पंखा बंद केल्याचंसुद्धा सांगत नाहीत."

मग मी जे शिकले होते ते करायला लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसऱ्या दिवशी फोटो बदलला. दुसऱ्या कोपऱ्यातून, दुसऱ्या उजेडात, आधी स्वतः खुर्च्यांवरून हात फिरवून. पहिलवानानं लिहिलं, "लास्टच्या खुर्चीत अंकल, हातात बूट." मग माणूस बदलला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. त्याला आधी चित्र बघत बघत सांगायला लावलं. त्यानं खुर्च्या, खिडकी, कुंडी सांगितली आणि म्हणाला, "बस, रिकामी खोली." मग तेच चित्र पुस्तिकेप्रमाणे डोळे मिटून.

"ते स्वेटरवाले मघाशी राहिले सांगायचे," तो म्हणाला. "त्यांना बूट घालायला सांगा ना. गार पडला असेल पाय."

मी स्वतः डोळे मिटले नाहीत. लिहिणाऱ्यानं आपली पुस्तिका आपल्यावरच तपासू नये असा नियम आहे. मी त्या नियमाच्या आड लपले.

त्या दुपारी मी पुस्तिकेतून डोळे मिटायची ती पायरीच काढली. गोंधळ थांबला. चारच दिवसांत साइटवर नवी चित्रं चढली आणि भाऊजींसमोर ताईनं ती ऐकली. प्रोग्रामचा तो एकसुरी बायकी आवाज खोलीत बोलत राहिला. फोटो. फोटो, नवीन. मस्त फोटो. फोटो.

ताईनं आवाज बंद केला.

"हे काय गं? त्या दिवशी काकूंनी किती छान लिहिलं होतं. खिडकी, कुंडी, ते गृहस्थ. मला खोली दिसली."

तिनं ते ऐकलं होतं. एका दुपारपुरतं ते साइटवर होतं, आणि तिनं ऐकलं होतं.

"तिथे कुणी गृहस्थ नव्हते, ताई. काकूंची चूक."

"मग चूक सुधार. सगळंच काय पुसून टाकतेस?" मग तिनं विचारलं, "काय लागलं होतं त्यांच्या पायाला?"

"कुणाच्या?"

"राहू दे."

बाहेर भाऊजींनी मला गाठलं. "काय हो शास्त्रज्ञ, पुस्तिका लिहिताय की कादंबरी? सोमवारी ती डॉक्टर मंडळी येतायत जागा बघायला."

"सोमवारपर्यंत होईल."

"मला काय आनंद होतोय का विकायला?" ते एकदम हळू आवाजात म्हणाले. "परवा रस्ता ओलांडताना हात पुढे केला, तर म्हणाली, गाड्यांना हात दाखवा, मला नको. कधीतरी एखादी गाडी थांबणार नाही. एवढीच भीती आहे हो."

मी पायरी परत घातली. ती घातल्याशिवाय ताईला काही दिसत नव्हतं आणि ती घातल्यावर नको ते दिसत होतं. मधला मार्ग असणारच, आणि तो मी काढणार होते. मी हट्टी आहे असं घरात सगळे म्हणतात. मला वाटतं मी फक्त अर्धवट सोडत नाही.

विचार साधा होता. जी जागा भरलेली आहे तिथे आठवणीला दुसरं कुणी बसवता येणार नाही. शनिवारी सकाळी मी स्वतः जाऊन त्या शेवटच्या खुर्चीत बसले. प्लॅस्टिक थंड होतं, इतर खुर्च्यांसारखंच. पहिलवानानं फोटो काढला. मग एकेकाला बोलावलं. काकूंनी लिहून झाल्यावर मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही.

"खिडकीपाशी ताईंची बहीण बसली आहे. गृहस्थ तिच्यासाठी उठले आहेत. बूट हातात आहे. ताईंच्या दारापाशी जाऊन उभे राहिले आहेत."

हिशेबनिसांनी लिहिलं, "इसम जागा देऊन डॉक्टरबाईंच्या दाराशी उभा."

तेव्हा मला प्रथम कळलं की माझ्या प्रयोगानं काहीतरी हललं होतं.

त्या दिवसापासून काकू ताईच्या खोलीत शिरताना दाराशी किंचित तिरक्या व्हायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "छे, दिसत काहीच नाही. पण धक्का नको लागायला कुणाला." शेवटची खुर्ची मात्र त्यांनी पेशंटना द्यायला सुरुवात केली. ती आता मोकळी आहे, म्हणाल्या.

सोमवारी एकच चित्र उरलं होतं, पहिल्या पानावरचं. ताई तिच्या खोलीत, टेबलामागे. मी सकाळीच ते काढलं. ताईनं पांढरा कोट घातला होता, दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. कडेनं दिसतं म्हणून तिचा चेहरा जरा वळलेला. समोर पेशंटची खुर्ची, रिकामी. मागे खिडकीचा दुधी उजेड. फोटो चांगला आला होता. ती हसत होती.

भाऊजी आले तेव्हा काकू टाइप करत होत्या.

"ताईंची खोली. टेबल, दिवा, खिडकीतून उजेड. गृहस्थ आत आले आहेत. पेशंटच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत. टेबलामागे कुणी नाही."

काकूंनी स्वतःच वाचलं आणि पदर तोंडाशी नेला.

"मॅडम, मी ताईंना लिहिलंच नाही की हो."

"परत करा."

त्यांनी चित्राकडे बघितलं. बोट ठेवून मला दाखवलं: या ताई. मोठ्यानं म्हणाल्या, "या ताई." डोळे मिटले. उघडले. आणि पुन्हा तेच लिहिलं, आणि रडायला लागल्या.

हिशेबनीस उभ्या उभ्याच लिहून गेले. "टेबलामागील खुर्ची रिकामी."

पहिलवान दाराशीच थांबला. "मी नाही मिटणार डोळे. कामावरून काढलंत तरी चालेल."

आतून ताईची हाक आली. "झालं का गं? मंडळी यायची वेळ झाली. ऐकव ना."

मी दोन्ही वर्णनं पुसली आणि लॅपटॉप उचलून आत गेले.

ताई टेबलामागे बसली होती. भाऊजी येऊन खिडकीशी उभे राहिले. मी बाजूच्या स्टुलावर बसले आणि लॅपटॉप मांडीवर उघडला. पेशंटची खुर्ची माझ्या डावीकडे होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"कोण लिहितंय?" ताईनं विचारलं.

"मी."

"पुस्तिकेप्रमाणे लिही. सगळे लिहितात तसं."

मी चित्राकडे शांतपणे बघितलं. तिचा कोट. तिचे हात. हसताना उजव्या गालाला पडणारी घडी. ती घडी मी पाठ केली.

डोळे मिटले.

खोली होती. टेबल होतं. दिव्याचा पितळी पाय मला स्पष्ट दिसला, त्यावरचा बोटाचा ठसाही. मी टेबलामागे बघितलं.

खुर्चीच्या पाठीचं रेक्झिन दिसलं. जिथे ताईचे खांदे हवेत तिथे शिवण होती आणि शिवणीतून निघालेला एक धागा.

मी तिला शोधलं. खोलीभर शोधलं. दाराशी, खिडकीशी. ती नव्हती. ते होते. पाठमोरे होते, आणि मी शोधते आहे हे त्यांना माहीत होतं, कारण ते हळूहळू वळायला लागले.

मी डोळे उघडले.

"थांबलीस का गं?" ताई म्हणाली. "कीबोर्ड वाजत नाही तुझा."

"लिहितेय."

मी लिहिलं: "ताई तिच्या खोलीत टेबलामागे बसली आहे. पांढरा कोट. दोन्ही हात टेबलावर. ती हसते आहे. समोरची खुर्ची रिकामी आहे." आणि 'प्रकाशित करा' दाबलं.

त्या एकसुरी आवाजानं ते जसंच्या तसं वाचलं. ताई मान किंचित कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"खरं लिहिलंस?"

"हो."

"डोळे मिटून?"

"हो," मी म्हणाले.

तिनं भाऊजींच्या दिशेनं चेहरा वळवला. "ऐकलंत? माझी माणसं जमवतील सगळं. कळवून टाका त्यांना."

भाऊजी माझ्या खांद्यावर थोपटून फोन करायला बाहेर गेले. जाताना त्यांनी दार लोटून घेतलं.

खोलीत मी आणि ताई. मी लॅपटॉप मिटला आणि तिच्याकडे बघत राहिले. कोट, हात, गालावरची घडी. मी बघते आहे तोवर ती आहे, एवढं साधं गणित मी मांडलं होतं. डोळ्यांची आग व्हायला लागली. पाणी आलं. मी पापणी लवू दिली नाही.

ताईनं टेबलावरचे हात पुसल्यासारखे एकमेकांवर फिरवले. उभं राहून टेबलाला वळसा घातला, बोटांनी कडा चाचपत. माझ्याजवळ आली नाही. रिकाम्या खुर्चीपुढे ती गुडघ्यावर बसली, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर तिनं दोन्ही हातांचा द्रोण केला, पाय हातात घेताना करतात तसा.

"बोला," ती मृदू आवाजात म्हणाली. "कधीपासून दुखतंय?"

मग मान कलती करून ती ऐकत राहिली. बराच वेळ. मधूनमधून "हं" म्हणत.